नऊ कागदांतले चार

आमच्या सामाईक टाकीच्या पाटकऱ्याला मी चोर ठरवलं. ‘चूक झाली’ असं मी बरेच दिवस स्वतःशी म्हणत होतो. चूक हा शब्द फार सोयीचा आहे. कागद छापताना तो माणूस चोर नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आमचं गाव दौंड तालुक्यात, कासुर्डीपासून जवळ. बारा घरांनी मिळून टाकी बांधलेली, तिच्यातून पाइपने ज्याच्या त्याच्या रानात पाणी जातं. प्रत्येकाची चार तासांची पाळी. व्हॉल्व्ह फिरवायची लांब दांड्याची किल्ली एकाच माणसाकडे असते, तो पाटकरी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. पाळी संपली की आप्पा पान्याने पाइपावर तीन ठोके मारायचे. तिसऱ्या ठोक्यानंतर कुणालाच तांब्याभर जादा पाणीही मिळायचं नाही.

मी कॉलेजात असताना एकदा वडिलांच्या पाळीत पाइपाचा जोड निसटला. निम्मी पाळी दुरुस्तीत गेली आणि शेवंतीची कोवळी रोपं तशीच राहिली. तीन ठोके पडले. वडील हात जोडून म्हणाले, “आप्पा, अर्धा तास द्या. रोपं जातील.”

“जोड तुझा निसटला. येळ सगळ्यांची हाय.”

“डोळ्यात पाणी आलंय बगा माझ्या.”

“मग वाफ्यात जाऊन रड की. तेवढीच ओल हुईल.”

टाकीवर बसलेले सगळे हसले. वडीलही हसले. तेच मला सहन झालं नाही. रोपं गेली, पुढे वडीलही गेले, पण त्यांचं ते कसंनुसं हसू माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. कधीतरी याच टाकीवर या माणसाला सगळ्यांदेखत खाली मान घालायला लावायची, हे मी मनात धरून ठेवलं होतं.

संधी बऱ्याच वर्षांनी आली. मी शिरूरला पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नोकरी करतो. गावात कुजबुज सुरू झाली होती, की पाळी संपायच्या आधीच आप्पा व्हॉल्व्ह किंचित उघडून स्वतःच्या उसाला पाणी सोडतात. शहानिशा करायची कशी? सगळे माझ्याकडे आले. मी टाकीवर एक सेन्सर बसवला. तो दर मिनिटाला पातळी नोंदवतो.

या नोंदी कधीच सरळ नसतात. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठतात, पंपाने टाकी थरथरते, आणि आकडे खालीवर उड्या मारतात. त्या गोंधळातून खरी चाल काढायची तर संगणकावर त्या ठिपक्यांमधून एक वक्र बसवतात. त्यासाठी बहुपदीची डिग्री किती, एवढा एक आकडा टाकायचा असतो. दुसरी डिग्री दिली की साधा, शांत उतार मिळतो. टाकी रिकामी होताना पाणी असंच उतरतं. डिग्री वाढवत नेली की वक्र प्रत्येक लाटेच्या मागे धावायला लागतो आणि टोकाला तर बेभान होतो, शेपूट कुठेही फेकतो. कारखान्यात नव्या मुलांना हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

त्या दिवशी मी आधी दोन टाकून पाहिलं. तोवर नऊ पाळ्यांच्या नोंदी जमल्या होत्या, नऊ स्वच्छ उतार. कुठेही चोरी नव्हती. मग मी अकरा टाकलं. चार पाळ्यांत वक्राचं शेपूट शेवटच्या दहा मिनिटांत खाली गेलं, जणू कुणी दुसरा व्हॉल्व्ह उघडला होता. उरलेल्या पाच पाळ्यांत ते वर गेलं. ते पाच कागद मी ड्रॉवरमध्ये टाकले आणि चार गावात नेले.

टाकीवर कागद पसरले तेव्हा आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाले, “मला यातलं काय कळत न्हाई. पर मी पाणी तोडलं न्हाई.”

कुणीतरी म्हणालं, “आप्पा, मशीन खोटं बोलतंय व्हय?”

मला वाटलं होतं तेवढाच, किंबहुना जरा जास्तच आनंद झाला. “रडा की आप्पा,” मी म्हणालो. “तेवढीच ओल हुईल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं होतं. किल्ली त्यांनी स्वतःच कट्ट्यावर ठेवली. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

किल्ली माझ्या थोरल्या भावाकडे आली. आप्पा मात्र प्रत्येक पाळीच्या वेळी टाकीवर येऊन बसायचे आणि घड्याळ बघून निघून जायचे. तेही मला आवडायचं.

दोन महिन्यांत भावाबद्दलही कुजबुज सुरू झाली. लोक म्हणाले, “आता तुज्या भावाचा कागद काढ की.” मी लॅपटॉप उघडला, भावाच्या नोंदी घेतल्या, आणि डिग्रीच्या जागी माझ्या बोटाने आपोआप दोन टाइप केलं. उतार स्वच्छ आला. मी तो बघत बसलो. मग दोन खोडून अकरा टाकलं. भावाच्या तीन पाळ्यांचं शेपूट खाली गेलं होतं.

त्या आठवड्यात नोकरीवर जाताना चौफुल्यापासून शिरूरपर्यंत मी मोटारसायकलवर मोठ्याने सबबी रचत होतो. एकही टिकली नाही.

रविवारी पाळी बदलायच्या वेळी मी सगळ्यांना टाकीवर बोलावलं. आप्पांचे नऊही कागद मांडले, भावाचेही मांडले, आणि आकडा बदलला की शेपूट कसं हलतं ते लॅपटॉपवर करून दाखवलं. आप्पा वाकून बघत राहिले. मग त्यांनी ड्रॉवरमधून आणलेल्या त्या पाच कागदांवर बोट ठेवलं.

“हितं शेवटाला पाणी वर चढतंय. म्हंजी मी टाकीत घागरीनं पाणी वतत हुतो का रं?”

सगळे हसले. मला वडिलांसारखं हसून घेता आलं नाही. भावाने किल्ली आप्पांच्या पायाशी ठेवली. आप्पांनी ती उचलली नाही. ते माझ्याकडे बघत थांबले होते.

“आप्पा,” मी म्हणालो, “माज्या वडलांना तुम्ही हसलात, ते मी इसरलो न्हाई आन् इसरणार बी न्हाई. पण तुम्ही पाणी चोरलं न्हाई, हे मला कागद काढायच्या आधीच ठाव हुतं. मी जाणूनबुजून खोटं दाखवलं. मला माफ करा.”