तफीदाने भरवलेला घास

तफीदाच्या हातचा मेदम्मिस, म्हणजे रात्रभर शिजवून घोटलेला बाकला, ज्याने चाखला नाही असा माणूस तिच्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. बाकल्याचे वालासारखे दाणे काय, घरोघरी शिजतात. नाक्यावरचा गाडीवालाही पहाटेपासून विकतो. पण तफीदाच्या मते तो दाण्यांना नुसती आंघोळ घालून लोकांना देत असे. ती दाणे स्वतः निवडायची. बारीक, तपकिरी, आपल्याच मातीतले. बाहेरून येणारे टपोरे दाणे तिच्या लेखी बैलांचा खुराक होते. भिजवलेले दाणे अरुंद गळ्याच्या भांड्यात जायचे, वर मूठभर मसुरीची डाळ, थोडे गहू, एक टोमॅटो, गळ्यापर्यंत पाणी, आणि मग अगदी मिणमिणत्या आचेवर भांडं सकाळपर्यंत तसंच. कुणी हात लावायचा नाही. "मधेच झाकण उघडून बघते ना, तिचा नवरा टिकत नाही," असं ती नव्या सुनांना दरडावून सांगे. तिचा स्वतःचा नवरा मेतवल्ली अकरा वर्षांपूर्वीच गेला होता, पण हे तिला तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

सकाळी लाकडी घोटणीने दाणे घोटताना ती कुणाशी बोलत नसे. मीठ, जिऱ्याची पूड, लिंबू, आणि शेवटी घाण्यावरचं जवसाचं तेल. कोंड्याची भाकर आणि बुक्कीने फोडलेला कांदा घेतला की न्याहारी झाली. दोन वाट्या शेजारी जायच्या, एक मशीद झाडणाऱ्या म्हाताऱ्याला. हात सढळ होता, जीभ मात्र तिखट, आणि एकदा कुणाशी बिनसलं की बिनसलं. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तफीदा कुणापुढे चुकले म्हणाली, असं कुणालाच आठवत नव्हतं.

गल्ली तिला उम्म रिज्क म्हणे, म्हणजे रिज्कची आई. रिज्क तिचा पहिला मुलगा. सव्वा वर्षाचा असताना तो गेला, त्यालाही आता चौतीस वर्षं झाली. पण पहिल्या मुलाचं नाव आईला चिकटतं आणि मूल गेलं तरी सुटत नाही. तफीदाला ते सुटायला नकोच होतं.

तेव्हा त्या घरात दोघी जावा नांदत होत्या. थोरली शौकिया, मेतवल्लीच्या भावाची, शेहाताची बायको. सात वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. रिज्कला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. वसंतातल्या एका सकाळी तिने त्याला उचललं, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "काय लाल गाल गं याचे! खाऊनच टाकावेत!" आणि अल्लाचं नाव घ्यायचं राहून गेलं. बाळाचं कौतुक केल्यावर 'माशाअल्ला' म्हणायचं राहिलं तर दृष्ट लागते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवशी रिज्क पिवळा पडला. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. तो छातीला तोंड लावेना. कुणाची नजर लागली ते शोधायला बायका जमल्या. कागदाची बाहुली कातरली, तिला सुईने टोचत एकेकीचं नाव घेतलं, मग तुरटीबरोबर ती निखाऱ्यांवर टाकली. तुरटी फुगली, वितळली, आणि तिच्यात जो आकार उमटला त्यात सगळ्यांना बाईच दिसली. लांब मानेची. शौकियाची मान लांब होती. त्याच दिवशी दुपारी रिज्कने डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी तफीदा भर गल्लीत उभी राहिली आणि जावेकडे बोट दाखवून किंचाळली, "वांझोटे, तुझ्या डोळ्यांनी खाल्लंस माझं लेकरू!" तेव्हापासून शौकियाच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नाही. शेजारणी तिला पाहिलं की पदराआड मुलं झाकायच्या. सहा महिन्यांत शेहाताने तलाक दिला. डोक्यावर बोचकं घेऊन ती दोन कालवे ओलांडून भावाच्या गावी निघून गेली. तफीदा दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी काळजाला जरा थंडावा मिळाला, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं.

नंतर मुलगी झाली, नहला, मोठी झाली, लग्न होऊन शहरात गेली. तिला उशिरा मुलगा झाला, अनस. तो दहा महिन्यांचा असताना ती त्याला घेऊन आठवडाभरासाठी माहेरी आली. बरोबर डब्यातलं पीठ, उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि शहरातल्या डॉक्टरने लिहून दिलेला कागद.

"यम्मा, याला घरातलं काही देऊ नकोस हं. वर्षाचा होईपर्यंत डब्यातलंच द्यायचंय."

"डब्यातलं! तू काय डब्यातून वाढलीस? दाण्याच्या पाण्यावर पोसलंय तुला मी."

"यम्मा, अल्लाची शपथ आहे तुला."

"बरं बाई. शहराचं शहाणपण तुमचं तुम्हाला लखलाभ."

तिसऱ्या सकाळी नहला न्हाणीघरात गेली. तफीदाने भांड्यातून दहा-बारा दाणे काढले. एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढला, कारण बाळाला साल पचत नाही. मऊ गर बोटाने चेचला, जवसाच्या तेलाचा एक थेंब घातला आणि अनसला मांडीवर घेतलं. पोरगं बोट चोखून चोखून खात होतं. "कळली ना मेल्या, आजीच्या हातची चव?" ती म्हणाली आणि लगोलग माशाअल्लाही म्हणाली, विसरली नाही. न्हाणीघराचं दार वाजायच्या आत तिने त्याचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनस मलूल झाला. त्याच्या पुढच्या सकाळी डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा दिसत होता. नहलाने लंगोट सोडला. आतला रंग तफीदाने पाहिला. तो तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता. पण तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की काल दारावरून कोण कोण गेलं? समोरची सना डोकावली होती. सनाला तिन्ही मुलीच. तफीदाने फळीवरून तुरटीचा खडा काढला आणि कागद कातरायला घेतला.

"काय करतेस हे!" नहलाने तो कागद हिसकावून चोळामोळा केला. "हो बाजूला!" आणि बाळाला छातीशी धरून ती अनवाणीच रिक्षाकडे धावली. तफीदा तिच्या चपला हातात घेऊन मागून पळत गेली.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती आणि भराभर बोलायची. तिने बाळाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, लंगोट पाहिला. मग विचारलं, "बाकला खाल्ला का याने? दोन-तीन दिवसांत?"

"नाही," नहला म्हणाली. "डब्यातल्याशिवाय काहीही नाही."

"नीट आठवा. एखादा दाणा, चाटण, पाणी?"

"नाही हो, शपथ!"

तफीदा भिंतीला टेकून उभी होती. बोललं तर लेक कायमची तुटेल, नातू पुन्हा मांडीवर मिळणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने जीभ दातांखाली धरली. डॉक्टरीण दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या तपासण्या लिहायला लागली. तेवढ्यात अनस कण्हला. रडायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"मी भरवला," तफीदा म्हणाली. "परवा. साल काढून. सात-आठ घास."

नहलाने आईकडे बघितलं आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आईपासून लांबच्या.

मग धावपळ झाली. रक्त आणलं, सुई बाळाच्या इवल्याशा पायाला लावली. पडद्याआड नहला त्याचा पाय धरून बसली आणि तफीदा बाहेर बाकावर. जाता-येता डॉक्टरीण तिच्याजवळ थांबली. "हाज्जा, बोललात ते बरं केलंत. काही मुलांच्या रक्तात जन्मापासूनच एक कमी असते. बाकला पोटात गेला की त्यांचं रक्त फुटतं. आईकडून येतं हे, मुलग्यांना बाधतं. मुलींना बहुतेक काही होत नाही, पण त्या पुढे नेतात. तुमच्या घरात आधी कुणा मुलाला असं झालं होतं?"

तफीदा बाकावरून उठली. मग तिने विचारलं, "सव्वा वर्षाचं मूल. पिवळं पडलं. लघवी चहासारखी. दोन दिवसांत संपलं. ते काय असेल, बाई?"

"बाकला खाल्ला होता त्याने?"

खाल्ला होता. शौकियाने मुका घेतला त्याच सकाळी. तफीदाला ते ताटसुद्धा आठवलं. आणि चौतीस वर्षांत आपण त्या ताटाकडे एकदाही वळून पाहिलं नाही, हेही त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं.

"मग हेच असणार," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "तेव्हा खेड्यात कुणाला माहीत होतं, हाज्जा? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि तिला कुणीतरी आत बोलावलं म्हणून ती गेली.

चौथ्या दिवशी अनसच्या ओठांवर रंग आला. नहला इस्पितळातूनच परस्पर शहराच्या गाडीत बसली. "पोचल्यावर फोन करीन," एवढंच म्हणाली. फोन आला तो जावयाचा.

त्यानंतर आठ दिवस तफीदाने चूल पेटवली नाही. मशीद झाडणारा म्हातारा दोनदा दारात येऊन विचारून गेला, आजारी आहेस का. नवव्या दिवशी तिने डॉक्टरिणीकडून सगळं लिहून घेतलेली चिठ्ठी घडी करून छातीशी खोचली आणि ती शौकियाच्या गावाला निघाली.

शौकिया भावाच्या घरी गच्चीवरच्या खोलीत राहायची. चटईवर बसून तांदूळ निवडत होती. साठी उलटलेली, गाल आत गेलेले. तिने मान वर केली नाही.

"शौकिया, मी तफीदा."

"आवाजावरून कळलं. बस."

तेवढ्यात तिची भाचेसून चहा घेऊन आली. कडेवर तान्हं होतं. ती उंबऱ्यावरच थांबली, तबक खाली ठेवलं आणि "आत्या, चहा" म्हणाली. तिची चाहूल लागताच शौकियाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत ते तिने तसंच ठेवलं.

"तोंड का फिरवलंस?" तफीदाने विचारलं.

"तिच्याजवळ बाळ आहे ना." हे शौकियाने इतकं सहज सांगितलं की जणू ऊन आलं म्हणून खिडकी लावली. "भावाला पाच मुलं झाली. एकाचंही लहानपण मी पाहिलं नाही. मिशा फुटल्यावर तोंडं पाहिली त्यांची. वहिनीला काही बोलावं लागलं नाही कधी. मीच सांभाळते."

तफीदाने छातीशी खोचलेली चिठ्ठी बाहेर काढली. बस थांब्यापासून तिने सगळं बोलणं मनात जुळवून आणलं होतं, ते सारं विस्कटलं. "शौकिया, ती तुझी नजर नव्हती गं," ती कशीबशी म्हणाली. "बाकला होता. मीच भरवला होता त्याला, त्याच सकाळी, या हाताने. नातवालाही भरवला आणि तो मरता मरता वाचला. डॉक्टरिणीने सांगितलंय. रक्तातच असतं ते. माझ्याच रक्तात होतं. हे बघ, लिहून दिलंय."

शौकियाने चिठ्ठी घेतली नाही. वाचता दोघींनाही येत नव्हतं. "दाण्यांनी कुणी मरतं का?" ती म्हणाली. "सगळा मुलूख खातो."

"मरतं! काही मुलं मरतात!"

"नाही तफीदा. माशाअल्ला म्हणायला मी विसरले होते. मला चांगलं आठवतंय." ती थोडी थांबली. "आणि मनात आलं होतं माझ्या, हा आपला असता तर. तुझ्या कडेवर बघून आलं होतं. पहिली काही वर्षं मीही म्हणत होते, मी काही केलं नाही. भांडायची सगळ्यांशी. मग एकटीने बसून विचार केला आणि पटलं मला. त्या वाटण्यानेच गेला तो."

"मी मारला त्याला!" तफीदा ओरडली. "मी! तुझा संसार मोडला मी. मला शिव्या दे, थुंक माझ्या तोंडावर!"

शौकियाने तांदळाचं ताट बाजूला सारलं. ती सरकत तफीदाजवळ आली आणि पहिल्यांदाच तिने वर पाहिलं. "असं बोलू नये, उम्म रिज्क. आईचा हात असा नसतो. नातवाच्या आजारपणानं धास्तावलीस तू, म्हणून काहीबाही सुचतंय. ते पाप माझं आहे, मी केव्हाच कबूल केलंय."

संध्याकाळची बांग होईपर्यंत तफीदा तिला पटवत होती. कुराणाची शपथ घेतली, रिज्कच्या कबरीची घेतली, चिठ्ठी पुन्हा पुन्हा तिच्या हातात कोंबली. शौकिया आपल्या ओढणीच्या टोकाने तिचे डोळे पुसत राहिली, तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि दर वेळी म्हणत राहिली, "नाही गं, तू नाहीस. तू नाहीस."