दशरथचा ब्रिटिश बँड

पेल लँटर्न हा बहारीनमधला ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. पण ब्रिटिश माणूस त्यात आता औषधालाही उरला नव्हता. ग्रॅहम साहेबांनी अमवाज बेटावरच्या व्हिलात तो काढला तेव्हा चारही जण गोरे होते. मग कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कुणाच्या बायकोला उन्हाळा सोसेना, शेवटी साहेबही रिटायर होऊन गेले. एक शिरस्ता मात्र पक्का: आपल्या जागी येणाऱ्याला सगळं वाजवायला शिकवल्याशिवाय कुणी विमानात बसायचं नाही. अशा रीतीनं ड्रम लाहोरच्या नजीबकडे आले आणि साहेबांचा कीबोर्ड नांदेडच्या दशरथ कांबळेकडे. "नाव मोठं, लक्षण खोटं," असं म्हणून दशरथची बायको नीलम त्याला चिडवायची.

दशरथ एसी मेकॅनिक. साहेबांचा एसी दुरुस्त करायला गेला आणि कीबोर्डलाच चिकटला. वडिलांच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटीवर तयार झालेला गडी. गुरूनं दिलं ते तसंच्या तसं घ्यायचं, हे अंगात मुरलेलं. बँडच्या सगळ्यात लांब गाण्यात साहेब अर्ध्यावर थांबत. दशरथही थांबू लागला, आणि त्याच्यामुळे पुढे सगळेच. त्या शांततेत लोक श्वास रोखून बसत आणि मग टाळ्यांचा कडकडाट करत.

एके दिवशी साहेबांचा फोन आला. बहारीनला येतोय. जुनं कुणी उरलं नाही, मग जुनं नाव तरी कशाला? शुक्रवारी ऐकतो, मग ठरवू.

दशरथ धास्तावला. दिवसभर शिडीवर चढउतार करणाऱ्या माणसाला मिरवायला तेवढं एकच नाव होतं.

"अहो, नाव त्यांचं असंल, पण वाजवता तर तुम्हीच ना?" नीलम म्हणाली. त्यानं तो आणखीच घाबरला.

शुक्रवारी साहेब गुदैबिया भागात, कोल्ड स्टोअरच्या म्हणजे किराणा दुकानाच्या माडीवरच्या तालमीला आले आणि ऐकायचं सोडून स्वतःच कीबोर्डवर बसले. त्या लांब गाण्याच्या अर्ध्यावर सगळे थांबले. साहेब एकटेच पुढे निघाले. नजीबनं कपाळाला हात लावला. दशरथला राहवेना.

"सर, स्टॉप! इथं थांबायचं असतं."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच शिकवलंत, सर. थांबायचं, चष्मा काढायचा, पुसायचा. मला चष्मा नाही, म्हणून तेवढं गाळलं. सॉरी."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे, तू दुरुस्त केलेला एसी माझ्या चष्म्यावर गळायचा!"

खोलीत हशा पिकला. दशरथला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव तर गेलंच, वर कामाचीही अब्रू गेली.

पण साहेबांनी उठून त्याला दंडाला धरलं आणि आपल्या जागी बसवलं. "तू वाजव."

"यल्ला, चला," नजीब म्हणाला.

गाणं अर्ध्यावर आलं, सगळे थांबले. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते. "नाव राहू दे," ते म्हणाले. "पण काही गाळू नकोस."

पुढच्या कार्यक्रमाला दशरथ बिननंबरी चष्मा घालून आला.