चारचौघांत पोटाचं बोलणारी

रशीदाबाई बांगड्या भरताना हात असा धरायच्या, की सोडवून घ्यायची सोयच नसे. सावली गावच्या बाजारात मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे बसले, तेव्हा तिसरी बांगडी चढवता चढवता त्यांनी विचारलं, "बाई, संडासातून रक्तगिक्त तं नाई पडत ना?" मागे माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया उभ्या. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "लाजू नका," त्या म्हणाल्या, "लाजेपायीच मरत होती मी."

खरंच मरता मरता वाचल्या होत्या. वर्षभर डॉक्टर गॅसच्या गोळ्या देत राहिला आणि यांनीही रक्ताची गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही. शेवटी नागपूरला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पोटाला शौचाची कायमची पिशवी लागली. हे आधीच का कळत नाही, असं यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. आमचं संशोधन त्यावरच चाललंय, पण पैसा पुरत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून बांगड्यांच्या पेटीशेजारी देणगीचा एक डबा आला. तो भरला की रशीदाबाई स्वतः नागपूरला नेऊन देत.

पण चिल्लरीवर संशोधन होत नसतं. म्हणून एका हिवाळ्यात त्या शंकरपटाच्या समितीकडे गेल्या, सोबत मी. बैलांच्या शर्यतीला, मंडपाला, पाहुण्यांच्या फेट्यांना तिथे पैसा पाण्यासारखा चालला होता. अध्यक्षांनी नाक मुरडलं. शाळेसाठी मागा, पाणपोईसाठी मागा, पण चांगल्या कामात ही घाण नको, म्हणाले. संतापानं मी जायला वळले. रशीदाबाईंचं तसं नव्हतं.

"घाण सगळ्यायच्याच पोटात राह्यते, भाऊ. तुमच्याबी."

पुढच्या पावसाळ्यात अध्यक्षांची बायको गेली. चौकात फ्लेक्स लागला, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. तो वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कसला अल्पसा? ती माउली कित्येक महिने अंथरुणाला खिळलेली, आणि विचारायला गेलं की घरचे म्हणत, अशक्तपणा आहे. मरणानंतरसुद्धा तिच्या दुखण्याला नाव मिळालं नाही.

तेरवीला आम्ही दोघी गेलो. अध्यक्षांनी चार माणसांत रशीदाबाईंपुढे पाकीट धरलं. हिच्या नावानं तुमच्या डब्यात टाका, म्हणाले. रशीदाबाईंनी हात पुढे केला नाही.

"पहिले सांगा भाऊ, वहिनी कायच्यानं गेल्या?"

अध्यक्ष फ्लेक्सवरचंच काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात बायकांमधून त्यांची लेक उठली, कॉलेजात शिकणारी.

"आतड्याच्या कॅन्सरनं गेली माझी आई. तुमचा शंकरपट चालू होता ना बाबा, तवाच रक्त पडत होतं तिले. तुम्हाले मालूम होतं."

मला अध्यक्षांची कीव यायला हवी होती. नाही आली, अजूनही येत नाही.

रशीदाबाईंनी पाकीट घेऊन हातातल्या थैलीत टाकलं आणि त्या पोरीजवळ जाऊन बसल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "अन् तुले पडते का रक्त, बेटा?"

पोरगी बापाकडे न पाहता म्हणाली, "हो. कधी कधी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं रशीदाबाई तिला नागपूरला घेऊन गेल्या. अध्यक्षांना विचारलंसुद्धा नाही.