विरजण घालणाऱ्या भानुमतीबाई

पुंडलिकनगरातल्या भानुमतीबाईंना सणासुदीला नावं ठेवणाऱ्यांची कमी नव्हती. शेजारणी रडतोंडी म्हणायच्या, यजमान व्यंकटराव चिडले की अपशकुनी, आणि कॉलेजातला नातू हसत हसत पनवती. फटाक्यांची माळ लागली की बाई पाण्याची बादली घेऊन उभ्या. कुणी प्रवासाला निघालं की सारखा फोन, कुठवर आलात, ड्रायव्हरला झोप तर येत नाही ना. त्यांचे वडील एका दिवाळीत कन्नडच्या घाटातून घरी यायला निघाले आणि पोचलेच नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सणाच्या दिवशी ते कुणाला आठवतंय?

मागच्या दिवाळीत मुलगा सदाशिव पाहुण्यांसमोरच म्हणाला, "आनंदावर विरजण कसं घालायचं, ते आमच्या आईकडून शिकावं." बाईंनी पाहुण्यांपुढे फराळाची ताटं ठेवली. यंदा मात्र त्यांनी मनाशी ठरवलं, फोनला हात लावायचा नाही.

भाऊबीजेला लेक दमयंती चाळीसगावहून जीपनं निघाली, ती त्याच घाटातून. जेवायची वेळ टळली तरी तिचा पत्ता नव्हता. बाई स्वयंपाकघरात बसून होत्या. करंज्यांचा डबा उघडायच्या, पुन्हा लावायच्या.

बाहेरच्या खोलीतलं हसणं हळूहळू थांबलं. व्यंकटराव फाटकापर्यंत चकरा मारू लागले. सदाशिव दारात येऊन उभा राहिला, चेहरा उतरलेला.

"आई, तू फोन नाही लावलास?"

"तुम्हालाच नको असतो ना."

तिथंच फरशीवर बसून तो फोन लावत राहिला. लागत नव्हता. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दिवेलागणीला दमयंती आली. घाटात ट्रक आडवा झाला होता, आणि रेंज शोधता शोधता मोबाईलची बॅटरी संपली होती. आल्या आल्या ती आईला बिलगली.

"घाट लागेपर्यंत तुझा एकही फोन नाही. मला वाटलं, तुलाच काही झालं."

ओवाळणं झालं, गार झालेला स्वयंपाक पुन्हा गरम करून सगळे जेवले.

दोन दिवसांनी दमयंतीला पोचवायला सदाशिव स्वतः जीपमध्ये बसला. घाट उतरेपर्यंत बाई त्याला फोन करत राहिल्या. लागला तो प्रत्येक फोन त्यानं उचलला.