भाषण चालू असताना थांबलेला निरोप

डिंभ्याच्या रस्त्यावर एक दूध शीतकरण केंद्र आहे. तिथल्या जुन्या संगणकात भागातल्या सगळ्या गाईंची कानातल्या बिल्ल्यांसकट नोंद आहे, आणि कोणत्या वाडीला जनावरांचा कोणता डॉक्टर हे फक्त त्यालाच ठाऊक. नवं अॅप मात्र क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा दूरच्या शहरातल्या भाड्याच्या यंत्रांवर. गाय व्यायला अडली की मालकाने अॅपचं बटण दाबायचं. निरोप तिथून जुन्या संगणकाकडे जाणार आणि तो डॉक्टरला फोन लावणार. या दोघांचं बोलणं जुळवायचं काम माझ्याकडे होतं. मी मध्ये निरोपांची एक रांग बसवली. पलीकडचा ‘मिळालं’ म्हणत नाही तोवर रांग निरोप सोडत नाही.

केंद्राच्या संचालकांना समजावताना मी लहानपणची गोष्ट सांगितली. महाळुंगे पडवळला आम्ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचो. तो ती स्टँडवरच्या चहावाल्याकडे टाकायचा, आणि ज्याची त्याने नेईपर्यंत ती बिस्किटांच्या बरणीखाली राहायची.

“मंग यात नवीन काय, राव?” अध्यक्ष म्हणाले. “चहावाला फुकट करीत व्हता.”

मी हसलो आणि उद्घाटनाची तारीख विचारली.

उद्घाटनाला केंद्रापुढे मंडप, हार, शाली, नारळ. पहिल्या रांगेत वरच्या वाड्यांचे डॉक्टर, सत्काराची शाल पांघरून. त्याच सकाळी डिंभ्याच्या वरच्या वाडीत एका बाईंची गाय व्यायला अडली होती. वाडीत रेंज नाही. बाई खिंडीपर्यंत चढल्या, बटण दाबलं आणि गाईपाशी परत आल्या. हे सगळं मला नंतर कळलं. मला माझ्या फोनवर एवढंच दिसत होतं, की रांगेत एक निरोप थांबलाय. आत काय आहे ते दिसत नव्हतं. दुसऱ्याचं पाकीट उघडायची सोय मी मुद्दामच ठेवली नव्हती.

पाहुण्यांचं स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, प्रमुख पाहुणे उभे राहिले. चाळीस मिनिटं उलटली तरी रांगेतला तो एक निरोप तसाच. मी उठून संगणकाच्या खोलीत गेलो. पडदा काळा. संगणकाची पिन जमिनीवर पडलेली आणि तिच्या जागी माईकची.

“त्याच्यापाशी कुनीच बसलं नव्हतं,” मंडपवाला म्हणाला. “म्हणलं, रिकामाच हाय.”

“काढा ती.”

“साहेब बोलत्यात, भाऊ! मला परत बोलावतील का?”

मीच काढली. साहेब तेव्हा ‘वाडीवस्तीचा आवाज जगापर्यंत’ इथवर आले होते. आवाज गेला. भाषण संपलं असं समजून लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

संगणक कण्हत जागा झाला. अध्यक्ष धावत दारात आले. मग मंडपात डॉक्टरांचा फोन वाजला. रांगेतला आकडा शून्य झाला.

हे मी अनेक ठिकाणी बसवलंय, त्यातली तार न् तार मला माहीत आहे. तरी अंगावर काटा आला. इतकी भाषणं झाली, आणि तो निरोप ना हरवला ना कंटाळला. ज्याला द्यायचा तो झोपलेला, म्हणून दाराशी उभा राहिला होता.

डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मागे बसून मीही गेलो. बाई गोठ्याच्या तोंडाशीच होत्या.

“लई येळ लावला, डॉक्टर.”

डॉक्टरांनी बाह्या सारल्या. वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते, डोकं मागे वळलेलं. कळ थांबली की ते हात आत घालून डोकं सरळ करत, कळ आली की थांबत. वासरू बाहेर पडलं तेव्हा हललं नाही. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अंगावरची सत्काराची शाल ओढून त्याला खसाखसा चोळायला लागले. वासरू शिंकलं. गाय मान वळवून त्याला चाटू लागली.

“बटण दाबल्यावर परत वर जाऊन बघितलं नाहीत?” मी बाईंना विचारलं.

“कशाला? सांगितलं व्हतं ना एकदा.”

डॉक्टरांनी फोनवरच्या अॅपमध्ये ‘काम झालं’ दाबलं. रेंज नव्हती, ते फोनमध्येच राहिलं. परतताना खिंडीत त्यांच्या खिशात निरोप गेल्याचा बारीकसा आवाज झाला. डॉक्टरांनी गाडी थांबवली नाही. मी मात्र मागे वळून वाडीकडे बघितलं.