अक्काचे दात

अक्काचे आणि माझे दात अगदी सारखे होते. खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढच्या दातांवर मधोमध कॉफी सांडून वाळल्यासारखा डाग. कोळसा, मीठ, राख, लिंबू, सगळं घासून झालं. हिरड्या सोलवटल्या, डाग मात्र ढिम्म हलला नाही.

आम्ही मूळचे तमिळनाडूतल्या कुंभकोणमचे मराठी, पण वडिलांची नोकरी धर्मपुरीकडच्या कोरड्या गावात होती आणि आमचं लहानपण तिथेच गेलं. प्यायला बोअरचं पाणी. दिसायला नितळ होतं, तरी परगावचं म्हणून आईचा त्यावर विश्वास नव्हता. शेजारणी ते तसंच प्यायच्या. आमची आई मात्र दूध आटवावं तसं निम्मं होईपर्यंत उकळायची. "लेकरांस बाधू नये," म्हणायची. पुढे कधीतरी एका डॉक्टरांनी सांगितलं, त्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं; ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की आणखी दाट होतं. दात हिरडीखाली घडत असतानाच वरचं कवच नासतं. हे कळायला आई राहिली नव्हती, तेवढं बरं झालं. तिला सोसलं नसतं.

वडिलांची बदली झाली आणि आम्ही कुंभकोणमला परतलो. इथल्या मुली कावेरीचं पाणी पिऊन वाढलेल्या. त्यांचे दात मोगऱ्याच्या कळ्या, आणि आमचे हे असे! एकादशीच्या भजनात तर पंचाईतच व्हायची. अक्काचा आवाज असा की सगळे तिलाच पुढे बसवायचे, आणि गायचं तर तोंड उघडावंच लागतं. तिने युक्ती काढली. झांजा छातीशी न धरता थेट तोंडासमोर धरायची. बाया एकमेकींना म्हणायच्या, काय ही तल्लीनता! मी मागे बसून हसू दाबत राहायची. अर्थात तोंडावर हात ठेवूनच.

लग्न होऊन ती चोळपुरमला गेली. बाजाराच्या निमित्ताने बसने यायची. रस्ताभर तोंडाला पदर. आमचा उंबरा ओलांडला की पदर खाली आणि सगळे दात बाहेर. स्वयंपाकघरात बसून सासरच्या लोकांच्या नकला करायची. मी सवयीने हात वर नेला की माझ्या मनगटावर चापट मारायची. "हास गे नीट. इथं कोण पाहातो तुज?" तसं हसणं मी पुन्हा कोणाबरोबर हसले नाही.

गेल्या पोंगलनंतर अक्का गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तर प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटलेले. त्यातलाच एक मोठा करून लावला. रोज हार घालते आणि रोज मला त्या फोटोचा राग येतो. ही करारी बाई कोण? माझी अक्का अशी नव्हती. मला तिचं हसू हवं होतं, आणि ते कुठेच नव्हतं.

यंदा लेकीचं लग्न ठरलं. तिरुभुवनम्‌हून रेशमी पट्टुसाड्या आल्या, आणि पाठोपाठ लेकीचं टुमणं सुरू झालं. "अम्मा, दातांचं काही कर ना. माझ्या लग्नातही तोंड झाकून उभी राहणार?" दातांवर पातळ पांढरा थर बसवतात म्हणे, डाग कायमचा झाकला जातो. आयुष्यभर हेच तर मागत होते. कशाला नाही म्हणू?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवलं. काम सुरू करण्याआधी एक फोटो लागतो, म्हणाल्या. "मोकळेपणी हसा, अम्मा." माझा हात वर गेला, त्यांनी तो हळूच खाली केला. मी हसले. फोटो कसा आलाय ते दाखवायला त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर अक्का होती. तेच पट्टे, तोच डाग, गालावर तीच घडी. इतके दिवस शोधत होते ते माझ्याच तोंडात होतं, आणि मी ते झाकून टाकायला आले होते. मला रडू आवरेना. बाईंना वाटलं, दाताला कळ लागली.

मी खुर्चीतून उतरले. "मज नको हे," एवढंच लेकीला म्हणाले. ती वैतागलीच. "इथवर येऊन?" मग तिची नजर पडद्यावर गेली. थोरल्या मावशीला ती तमिळ रीतीने पेरिम्मा म्हणायची. बराच वेळ बघून हळूच म्हणाली, "पेरिम्माच की ही."

लग्नात फोटो काढणाऱ्याने आम्हा मायलेकींना शेजारी उभं केलं आणि हसायला सांगितलं. जन्माची सवय, हात वर निघालाच. लेकीने मेंदीच्या हाताने माझं मनगट धरलं आणि फोटो निघेपर्यंत सोडलं नाही.

तो फोटो आता भिंतीवर आहे, अक्काच्या शेजारी. हार घालताना मी आधी त्याच्याकडे बघते.