गादी बघून गाडी

गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे तिला गादीमावशी म्हणायचे. गाड्यांच्या गाद्या शिवणं हा तिचा धंदा. फाटकी सीट तिच्यापुढे टाकली की ती उसवायची, आतला कुजका काथ्या झटकायची, नवा भरायची आणि वरून रेक्झिन असं ताणून बसवायची की सुरकुती औषधाला सापडू नये. नवरा होता तोवर दुकान त्याचं आणि हात तिचे. तो गेल्यावर दुकानही तिचंच झालं, पाटी तेवढी बदलायची राहिली.

मिस्त्री लोक म्हणायचे, मावशी गाडीला बसायच्या बाजूनं ओळखते. चेष्टेनं म्हणायचे, पण खोटं नव्हतं. छत्तीस वर्षं तिनं सीटखालचं जग पाहिलं होतं. हरवलेल्या किल्ल्या, कंगवे, एकदा तर कुणाची तरी अख्खी कवळी. कुठल्या गाडीत पाणी शिरतं, कुठला मालक बायकोच्या चोरून सिगारेट ओढतो, हे गादी उसवल्याबरोबर तिला कळायचं. सांगायची मात्र नाही.

तिच्या मनात एकच गाडी बसली होती. विलायती, बुटकी, दोन माणसांची, वर छप्पर नाही, नुसता कापडी टप. नवी नवरी असताना अशा एका गाडीचा टप तिनं शिवला, तेव्हा मालकानं खूश होऊन तिला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं होतं. रस्ता इतका जवळून तिनं कधी पाहिला नव्हता. हात खाली सोडला असता तर जमिनीला टेकला असता. या गाड्या काही राजेमहाराजांच्या नव्हेत. कारखान्यानं ढिगानं काढलेल्या, म्हणून जुनी घ्यायची म्हटलं तर कष्टाच्या माणसालाही झेपणाऱ्या. तरी तिचं घ्यायचं राहून गेलं. आधी मुलीचं शिक्षण, मग नवऱ्याचं आजारपण. अठ्ठावन्नावं लागलं तेव्हा तिनं ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, त्या गाडीला मागे सीटच नसते. नातवंडांना कुठे बसवशील?"

"म्हणूनच घेतेय."

धाकटा भाऊ गल्लीतलाच मिस्त्री. इंजिनातला दर्दी, तितकाच हट्टी. तो म्हणाला, "ताई, मी शोधून देतो. तू फक्त रंग सांग."

"रंग तू सांग. गाडी मी निवडते."

हे बोलणं झालं भर गल्लीत, चहाच्या टपरीसमोर. मग काय विचारता. संध्याकाळपर्यंत पत्रेवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, मावशी गादी बघून गाडी घेणार. भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं बजावलं, "निवड तुझी ना? मग बिघडली तर मी पान्याला हात लावणार नाही." मावशी बरं म्हणाली. पण त्या दिवशी शिवताना तिचा टाका दोनदा चुकला. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू, आणि फसली तर गल्लीतून मान खाली घालून जायचं. तेही रोज, कारण दुकान तिथंच.

पहिली गाडी एका दलालाकडे होती. लालभडक, आरशासारखी. भावानं बॉनेट उघडलं, कान लावला आणि त्याचा चेहरा असा फुलला, जणू आत कुणी गात होतं.

"ताई, इंजिन लोण्यासारखं आहे."

दलालानं मावशीसाठी दार उघडलं. "आणि तुमच्या कामाचं हे बघा मावशी. सीट नव्या, खाली कार्पेट नवं कोरं."

मावशीनं वाकून कार्पेटचा कोपरा चाचपला. उचलेना. दुसरा कोपरा धरला. तोही जागचा हलेना.

"चिकटवलंय?"

"पक्कं. सोल्युशन लावून. जन्मात निघायचं नाही."

आता या गाड्यांचं कार्पेट कुणी चिकटवत नाही. टप किती का चांगला शिवा, पावसाळ्यात पाणी आत येणारच. म्हणून कार्पेटला टिचबटणं असतात. पटापट काढायचं, वाळवायचं, परत लावायचं. जे सारखं उचलायचं ते कुणी जन्माचं चिकटवलं, तर खालचं काहीतरी कुणाला दिसू नये असं त्याला वाटतंय. पण हे बोलली असती तर भाऊ म्हणाला असता, झालं तुझं कापडपुराण सुरू.

म्हणून ती नुसती म्हणाली, "बसून बघते."

बसली. मावशी अंगानं भरलेली, बसताना गाडीनं जरा दम घेतला. मग तिनं दार ओढलं. दार चौकटीला अडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा अडलं.

दलाल हसला. "मावशी, गाडी नाजूक आहे, तुम्ही जरा तब्येतीनं..."

भाऊ लाजेनं दुसरीकडे बघायला लागला.

मावशी शांतपणे उतरली. दार लावलं. अगदी अलगद लागलं. परत बसली. परत अडलं.

"माझं वजन या गाडीला सोसत नाही की या गाडीलाच काही सोसत नाही?" ती म्हणाली. "अरे, इकडे ये. हिला छप्पर नाही. मग हिचा सगळा भार कशावर?"

भाऊ जवळ आला. दाराखाली पत्र्याचा जो लांबट उंबरा असतो, त्याच्याकडे त्यानं पाहिलं. बिनछपराची गाडी त्या दोन उंबऱ्यांवर उभी असते, हे त्याला काय सांगायला हवं होतं. पण इंजिनापुढे त्याचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. सांडलेले स्क्रू उचलायला त्याच्या खिशात एक लोहचुंबक असायचा. तो त्यानं उंबऱ्याला लावला. चुंबक घरंगळून खाली पडला. जरा पुढे लावला, तिथंही पडला. पत्रा कधीच गंजून गेला होता, म्हणून माणूस बसलं की गाडी मधून वाकायची आणि दार अडायचं. तिथं होती लांबी, रंगारी खड्डे बुजवायला लावतात ती पुट्टी, चांगली बोटभर जाड, आणि तिच्यावर तो लालभडक रंग.

दलाल म्हणाला, "जुन्या गाडीत एवढं चालायचंच."

"चालायचंच," मावशी म्हणाली, "पण दार उघडं टाकून."

परतताना भाऊ म्हणाला, "इंजिन मात्र खरंच चांगलं होतं."

"होतं ना. ते काढून घरात ठेवू या का?"

दुसरी गाडी एका निवृत्त पोस्टमास्तरांची. हिरवी, तीही उन्हानं विटलेली. त्यांचे गुडघे गेले होते. एवढ्या खाली बसलं की उठवायला शेजाऱ्याला हाक मारावी लागायची, म्हणून विकत होते. भावाला बघून ते म्हणाले, "या, या. चालवून बघणार?"

"मी नाही. ही घेतेय."

पोस्टमास्तर ओशाळले. "बाई, एक आधीच सांगतो. सीटची दशा झालीय. शिवून देणारं चांगलं माणूस काही मिळालं नाही."

भावाला खोकला आला. मावशीनं चेहरा सरळ ठेवला आणि दार उघडलं. सीट कसल्या, लक्तरं होती. गोट सुटलेला, आतून काथ्या डोकावत होता. पण कार्पेट टिचबटणांवर होतं. झिजून झिजून मधोमध टक्कल पडलेलं, तरी चारही बटणं जागेवर. तिनं ती टपटप उघडली आणि कार्पेट उचललं. खालचा पत्रा सुका, काळा रंग दिलेला, गंजाचा ठिपका नाही.

"दर पावसाळ्यात मी स्वतः काढून वाळवतो," पोस्टमास्तर म्हणाले. "बायकोला हसू यायचं. म्हणायची, माझी पांघरुणं कधी वाळवली नाहीत ती."

मावशी आत बसली. दार ओढलं. खट्कन लागलं. उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा तोच आवाज.

भाऊ कुणी सांगायच्या आतच गाडीखाली शिरला. चुंबक लावत, बोटानं ठोकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. बाहेर आला तेव्हा पाठीला सगळी माती.

"इंजिन जरा खोकतंय," तो म्हणाला. मग थांबून, "पण खोकला माझ्याकडे बरा होतो."

"तू पान्याला हात लावणार नव्हतास ना?"

"बिघडली तर म्हणालो होतो. ही कुठे बिघडलीय?"

पोस्टमास्तरांनी किल्ली भावापुढे धरली, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ती मावशीच्या तळहातावर ठेवली. सुयांनी भोकं पडलेला, दाभणानं घट्टे पडलेला तो हात त्यांनी नीट पाहिला. म्हणाले, "सीट तुम्हीच शिवणार तर."

"एवढ्या शिवल्या लोकांच्या. दोन माझ्या."

गाडी तिनंच चालवत आणली. दुकानाची मालाची गाडी ती वर्षानुवर्षं चालवत होती, तिला रस्त्याची भीती नव्हती. पहिला गिअर मात्र करकरला. भाऊ म्हणाला, "थांबल्याशिवाय पहिला टाकू नकोस, या गाड्यांना ते आवडत नाही." तिनं ऐकलं. दुसऱ्यांदा गिअर विनातक्रार पडला.

गल्लीच्या तोंडाशी पत्रेवाला हातोडा घेऊन उभाच होता. गाडी जवळ येताच त्यानं उंबरा ठोकून पाहिला. टण्कन वाजला. रंगारी हातातलं काम सोडून आला, पंक्चरवाला आला. सगळ्यांनी गाडीला वेढाच घातला.

पत्रेवाला भावाला म्हणाला, "शोधलीस बाबा चांगली. पत्रा एक नंबर."

भावाला हो म्हणायला काय जात होतं. गल्लीत त्याचाच शब्द चालायचा. मावशी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती.

"मी लाल घेत होतो," भाऊ म्हणाला. "सगळ्यांदेखत सांगतो, फसलो असतो. हिनं पाहिली ही."

रंगारी दाराशी आला. "मावशी, माझ्या मेव्हण्याला एक जुनी घ्यायचीय. रविवारी येता का जरा बघायला?"

"रविवारी मी फिरायला जाणार," मावशी म्हणाली. "सोमवारी या."

भाऊ उतरला नव्हता. डॅशबोर्डावरून बोट फिरवत तो हळूच म्हणाला, "ताई, मला कोपऱ्यापर्यंत फिरवून आण ना."

"गप बस," ती म्हणाली, आणि या वेळी पहिला गिअर असा टाकला की आवाजसुद्धा आला नाही.